जस्ताचा माग

प्रस्तावना

जळगावात एकाच धातूला दुकानागणिक वेगळे नाव आहे. कृषी सेवा केंद्रात शेतकरी 'झिंक द्या' म्हणतो. पत्र्याच्या दुकानात तोच धातू 'जीआय' होतो. आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात 'यशद भस्म' अशी चिठ्ठी लावलेली बाटली मिळते. भांड्यांच्या दुकानात तर त्याचे नावच कोणी घेत नाही. तिथे तो तांब्यात मिसळून, पितळ होऊन मांडणीवर बसलेला असतो. 'जस्त' हा आपल्या आज्यांच्या तोंडचा शब्द बादलीपुरता उरला होता, आणि आता ती बादलीही प्लॅस्टिकची झाली आहे.

हे पुस्तक त्या जस्ताबद्दल आहे. ते कुठून आले, डोंगरात ते कुणी आणि कसे शोधले, शोधलेले कसे हरवले आणि पुन्हा कसे सापडले, याबद्दल आहे. त्यातला डोंगर सातपुडा नाही, अजिंठ्याची रांगही नाही. तो अरवली आहे, उदयपूरच्या दक्षिणेला सुमारे चाळीस किलोमीटरवर, जावर नावाच्या गावाभोवतीचा. खानदेशातल्या माणसाने मेवाडातल्या खाणींवर पुस्तक का लिहावे, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला. या प्रस्तावनेत त्याचे उत्तर जमेल तेवढे देतो.

सुरुवात केळीच्या पानापासून झाली. आमच्या घरची शेती रावेर तालुक्यात. शाळेतली नोकरी सांभाळून मी बागेकडे पाहत असे. एका वर्षी नव्या रोपांची पोंग्यातून येणारी पाने अरुंद निघू लागली, भाल्याच्या पात्यासारखी, आणि त्यांवर शिरांना धरून फिकट पांढुरके पट्टे. मातीचा नमुना तपासायला दिला. अहवालात उपलब्ध जस्ताच्या रकान्यात जो आकडा आला तो ०.६ मिलिग्रॅम प्रतिकिलोच्या खाली होता. त्या रेषेखाली जमीन जस्ताची कमतरता असलेली समजली जाते. ०.६ मिलिग्रॅम म्हणजे किती, हे मी त्या रात्री गणित करून पाहिले. एका हेक्टरातली वरची अर्ध्या फुटाची माती धरली तर साधारण बावीस लाख किलो भरते. तिच्यात पिकाला घेता येईल असे जस्त सव्वा-दीड किलोही नाही. उसनवारीच्या पोत्यातून आपण हेक्टरी पंचवीस किलो झिंक सल्फेट टाकतो, त्यातले जस्त सव्वापाच किलोच्या आसपास. एवढ्या मोठ्या बागेचा जीव एवढ्याशा धातूत अडकलेला.

पण मला झोप लागू दिली नाही ती दुसऱ्याच गोष्टीने. आपली काळी माती ज्या काळ्या पाषाणातून झाली त्या बेसाल्टमध्ये जस्त कमी नाही. टनाला साधारण शंभर ग्रॅम ते असते. म्हणजे आपण जस्तावर उभे आहोत, आणि तरी जस्त विकत आणतो. चुनखडी असलेल्या, विम्लधर्मी मातीत ते असे घट्ट बांधले जाते की मुळांच्या हाती लागत नाही. शंभर ग्रॅम हे खाणीच्या हिशेबातही काहीच नाही. जावरच्या खडकात टनामागे चाळीस-पन्नास किलो जस्त असते, म्हणजे आपल्या पाषाणाच्या चारशे-पाचशे पट. खाण म्हणजे निसर्गाने कोट्यवधी वर्षे खपून एका जागी केलेली साठवण, एवढे त्या रात्री मला कळले. मग ती जागा पाहिलीच पाहिजे असे वाटू लागले.

दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिला. तापीच्या दोन्ही काठांवर, धुळे-नंदुरबारच्या उघड्या बांधांसारख्या पसरलेल्या भिंतींत, चोपड्याजवळच्या उनपदेवच्या गरम झऱ्याखाली तोच आहे. या थरांच्या खाली काय दडले आहे हे आपल्याला फारसे दिसत नाही, आणि खानदेशात धातूची खाण कधी निघाली नाही त्याचे कारण हेच. महाराष्ट्रात जस्त मिळते ते लाव्ह्याची चादर जिथे संपते तिथे, पूर्व विदर्भात. नागपूर जिल्ह्यातल्या साकोली पट्ट्यात कोलारीच्या परिसरात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने जस्ताचा साठा नोंदवला आहे. त्याच पट्ट्यातल्या एका ठिकाणाचे नाव तांबेखाणी. गावाच्या नावात खाण आहे, खाणीचा धनी मात्र कुणाच्या स्मरणात नाही. भूवैज्ञानिकाने तिथे पाऊल ठेवायच्या कितीतरी आधी कुणीतरी तिथे धातू पाहिला होता, त्याशिवाय असे नाव पडत नाही. या पुस्तकात हा विचार पुन्हा पुन्हा येईल. खनिजाचा शोध घेणारा आधुनिक माणूस बहुधा दुसरा असतो. पहिला कुणी वेगळाच असतो आणि त्याचे नाव नकाशावर नसते.

जावरचे खडक दख्खनच्या लाव्ह्यापुढे आजोबांचेही आजोबा आहेत, सुमारे १७० कोटी वर्षांचे. उथळ समुद्राच्या तळाशी साचलेला डोलोमाइट हा चुनखडीसारखा खडक दडपला गेला, घड्या पडून उभा राहिला, आणि त्याच्या भेगांतून, थरांतून जस्ताचे आणि शिशाचे गंधकयुक्त खनिज बसले. मोचिया मगरा, बलारिया, जावर माला, बरोई ही तिथल्या खाणींची नावे. 'मगरा' म्हणजे डोंगर. मधून टिडी नदी वाहते. पहिल्यांदा गेलो तेव्हा उन्हाळा होता आणि नदीत पाणी नव्हते. डोंगराच्या माथ्यावर लांबच लांब चर दिसले. कुणी प्रचंड नांगर धरून खडकात तास ओढावा तसे. ते पावसाने झालेले नव्हते. खनिजाची रेघ जिथून जिथे गेली तिथून तिथे माणसे तिच्यामागे खोदत गेली होती.

त्या चरांतून आत उतरणाऱ्या जुन्या दालनांच्या भिंती गुळगुळीत आणि गोलसर आहेत, काजळी धरलेल्या. सुरुंगाने फोडलेला खडक असा दिसत नाही, त्याला धारदार कोपरे राहतात. इथे लाकडे रचून खडकाला आग लावली, तापून तो तडकला, मग छिन्नीने पापुद्रे सोलले. जावर मालाच्या जुन्या खाणीत लाकडी आधार आणि शिड्या सापडल्या, मातीच्या पणत्या सापडल्या. लाकडाचे कार्बन-१४ पद्धतीने वय काढले तेव्हा ते दोन हजार वर्षांहून मागे गेले. म्हणजे आपल्याकडे अजिंठ्याची पहिली लेणी कोरली जात होती, त्याच काळाच्या आसपास तिकडे डोंगराच्या पोटात माणसे पणतीच्या उजेडात धातूचा माग काढत होती. दोन्हीकडे डोंगरच कोरला जात होता. एकाकडे आपण जगाला घेऊन जातो. दुसऱ्याचे नाव मराठी शाळेच्या पुस्तकात मी पाहिले नाही.

इथे थोडे थांबून जस्ताचा स्वभाव सांगावा लागेल, कारण त्याशिवाय पुढचे कौतुक समजणार नाही. तांबे, शिसे, लोखंड यांचे खनिज कोळशात घालून तापवले की धातू भट्टीच्या तळाशी उतरतो, वितळून किंवा गोळा होऊन. जस्त तसे करत नाही. ते ४२० अंशांच्या आसपास वितळते आणि ९०७ अंशांना उकळते. खनिजापासून सुटायला मात्र त्याला त्याहून जास्त उष्णता लागते. म्हणून सुटताक्षणीच ते वाफ होऊन पळते, आणि हवा लागली की पांढरी राख होते. भट्टीत खनिज घातले, आच दिली, आणि शेवटी हाती काहीच आले नाही, असा अनुभव जगातल्या किती कारागिरांना आला असेल. पितळ करायला अडचण नव्हती. तांब्याचे तुकडे आणि जस्ताचे खनिज एकत्र बंद मुशीत तापवले की जस्ताची वाफ तांब्यात शिरते. रोमन लोक तसेच करत. पण या रीतीने पितळेत जस्त जेमतेम अठ्ठावीस टक्क्यांपर्यंत जाते. निव्वळ जस्त, हातात धरता येईल असा धातू, मिळवायचा तर वाफ हवेपासून लपवून थंड करावी लागते. ती युक्ती भारतात मोठ्या प्रमाणावर जिथे चालली ते ठिकाण जावर. ही गोष्ट बाराव्या-तेराव्या शतकापासून पुढची.

युक्ती अशी होती. मातीची मूस, वांग्याच्या आकाराची, साधारण फूटभर लांब. तिच्यात भाजलेले खनिज, डोलोमाइट, मीठ आणि जळणारे सेंद्रिय पदार्थ यांच्या गोळ्या भरायच्या. तोंडाला मातीची लांब नळी बसवायची, वांग्याच्या देठासारखी. मग मूस उलटी करायची, देठ खाली. उलटी केल्यावर आतला माल बाहेर पडू नये म्हणून मधोमध एक लाकडी काडी खुपसलेली असे. अशा छत्तीस मुशी, सहा ओळींत सहा, भोके पाडलेल्या मातीच्या जाड ताटल्यांवर उभ्या करत. देठ भोकांतून खालच्या थंड खोलीत. वर जाळ. आच चढली की काडी जळून जाई आणि तिच्या जागी एक पोकळ वाट राही. त्या वाटेने जस्ताची वाफ देठातून खाली उतरे, थंड होई आणि खालच्या भांड्यात थेंब थेंब जमा होई. वाफ वर जाते हे सगळ्या जगाला माहीत होते. तिला खाली आणणे ही जावरच्या माणसांची बुद्धी.

मला या वर्णनात पहिल्यांदा गुंतवले ते वांग्याने. तेराव्या शतकातला 'रसरत्नसमुच्चय' हा रसशास्त्राचा ग्रंथ, वाग्भटाच्या नावावर असलेला, खर्पर म्हणजे जस्ताच्या खनिजातून सत्त्व काढण्याची कृती सांगताना 'वृंताक मूषा' असाच शब्द वापरतो. वृंताक म्हणजे वांगे. तिची नळी धोतऱ्याच्या फुलासारखी पुढे रुंदावलेली असावी असेही तो सांगतो. मिश्रणात हळद, त्रिफळा, बिब्बा, मीठ, घरातली काजळी असे पदार्थ येतात. वाचताना स्वयंपाकघर आणि वैद्याची पिशवी एकत्र सांडल्यासारखे वाटते, पण मीठ सोडले तर हे सगळे पदार्थ जळून कोळसा होणारे आहेत, आणि खनिजातला प्राणवायू काढून घ्यायला कोळसाच लागतो. मुशीच्या तोंडाशी निळी ज्वाला पांढरी झाली की काम होत आले, अशी खूणही आहे. जस्त बाहेर येऊन हवेत जळू लागले की तसेच दिसते. ग्रंथातले हे वर्णन आणि जावरच्या उकिरड्यातली मूस शेजारी ठेवली की पुस्तक आणि हात यांच्यामधली भिंत पडते. यावल तालुक्यातल्या बामणोदचे भरताचे वांगे ज्याने पऱ्हाटीच्या जाळावर देठ धरून भाजले आहे, त्याला त्या कारागिराला हा आकार का सुचला असेल, हे वेगळे सांगायला नको.

१९८३ साली जावरमध्ये ब्रिटिश म्युझियम, बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि हिंदुस्थान झिंक यांनी मिळून उत्खनन केले. पॉल क्रॅडॉक, के. टी. एम. हेगडे, लिन विलीस ही त्यातली महत्त्वाची नावे. त्यांना सात भट्ट्यांची एक सलग रांग मिळाली. सात गुणिले छत्तीस म्हणजे दोनशे बावन्न मुशी एका वेळी. हे कुण्या रसवैद्याचे मठीतले प्रयोग नव्हते, हा कारखाना होता. प्रत्येक खेपेला दोनशे बावन्न मुशी वाया जायच्या, कारण एकदा तापलेली मूस पुन्हा वापरता येत नाही. म्हणजे तितक्याच नव्या थापायच्या, वाळवायच्या, भरायच्या. खाणीत उतरणाऱ्यांइतकेच कुंभारही तिथे असले पाहिजेत, आणि लाकूड तोडणारे, आणि गाढवांवरून माल आणणारे. वापरलेल्या मुशींचे ढीग आजही टेकड्यांसारखे पडले आहेत. १९८८ साली अमेरिकेच्या धातुशास्त्रज्ञांच्या संस्थेने जावरला धातुविद्येचे ऐतिहासिक स्थळ म्हणून मान दिला. आपण दिलेला मान त्यामानाने थोडा आहे.

जुन्या जावर गावात आणखी एक गोष्ट आहे आणि ती पाहायलाच हवी. घरांच्या भिंती या वापरलेल्या मुशींच्या आहेत. विटेऐवजी मूस, एकावर एक आडव्या रचलेल्या, तोंडे बाहेर. दुरून मधमाश्यांच्या पोळ्यासारखी दिसतात.

युरोपात विल्यम चॅम्पियनने ब्रिस्टलमध्ये जस्त काढण्याचे पेटंट घेतले ते १७३८ साली. त्याची पद्धतही वाफ खाली उतरवण्याचीच होती. ज्ञान इथून तिकडे गेले का, याचा कागद कुणाला मिळालेला नाही, पण साम्य इतके आहे की विषय सोडून देता येत नाही. पुस्तकात त्यावर एक प्रकरण आहे. चॅम्पियनच्या कितीतरी आधी, अबुल फझलच्या 'ऐन-ए-अकबरी'त अजमेर सुभ्यातल्या जस्ताच्या खाणीचा उल्लेख येतो, आणि तत्त्वज्ञांच्या ग्रंथांत या धातूचे नाव कुठे आढळत नाही असेही तो म्हणतो. हाच अबुल फझल १६०० साली अकबराच्या मोहिमेत आपल्या खानदेशात, असीरगडाच्या वेढ्यात होता.

आता आपल्या माणसांना न आवडणारी गोष्ट. जावरचे काम अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ढासळत गेले आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला बंद पडले. कारणे सांगताना दोन नावे येतात. एक १८१२-१३ चा दुष्काळ. दुसरे मराठ्यांच्या स्वाऱ्या. शिंदे आणि होळकर यांच्या फौजा मेवाडात वरचेवर जात, खंडणी मागत, आणि खंडणीच्या ओझ्याखाली व फौजांच्या भीतीने वस्त्या उठत. खाण ही शेतासारखी नसते. शेत दोन वर्षे पडीक राहिले तरी तिसऱ्या वर्षी पेरता येते. खाणीत पाणी भरले, लाकडी आधार कुजले, कारागीर परागंदा झाले की ती विद्याच जाते. मुशीत काडी का खुपसतात हे सांगणारा म्हातारा गेला की नुसती मूस पाहून ते कुणाला उमगत नाही. १८१८ मध्ये मेवाडात नेमणूक झालेल्या इंग्रज अधिकारी जेम्स टॉडने जावरबद्दल लिहिले ते कथिलाच्या खाणी म्हणून. एका पिढीत धातूचे नावसुद्धा चुकले.

हे लिहिताना मला फार जड गेले, तरी ते गाळायचे नाही असे ठरवले. कारण आपण खानदेशी लोक त्याच तलवारीचे दुसरे टोकही ओळखतो. १८०२ साली यशवंतराव होळकरांच्या फौजांनी खानदेश उजाड केला. पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ आला, मग पेंढारी आले. गावे ओस पडली, पाटबंधारे मोडले, जंगल शेतात शिरले. जावरची माणसे आणि तापीकाठची माणसे एकाच काळात, एकाच तऱ्हेने उठली. त्यांचे दुःख समजून घेण्याचा हक्क आणि जबाबदारी, दोन्ही आपल्याकडे आहेत असे मी मानतो.

धुळ्याजवळचे सोनगीर आपल्याकडे तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेले. मुंबई-आग्रा रस्त्यावरचे गाव, किल्ल्याच्या पायथ्याचे. माझ्या आजीच्या लग्नातला हंडा आणि घंगाळ तिथले होते. हंड्यावर तांबटाच्या हातोडीच्या ठोक्यांची जाळी अजून मोजता येते. खानदेशाला ना तांब्याची खाण, ना जस्ताची, पण त्यांच्या मिलाफातून भांडे घडवणारे हात होते. मराठवाड्याच्या पलीकडे बीदरला तर जस्त हाच मुख्य धातू. बिद्रीच्या काळ्या भांड्यात नव्वद टक्क्यांहून अधिक जस्त आणि थोडे तांबे असते, त्यावर चांदीची नक्षी. जस्त देशात किती दूरवर फिरत होते याची ही खूण. हे हात अजून आहेत, तोवर त्यांच्याकडून काही शिकून घ्यावे.

जावरच्या खाणी पुन्हा सुरू झाल्या विसाव्या शतकाच्या मध्यात, आधी मेटल कॉर्पोरेशन ऑफ इंडियाकडून, मग १९६६ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान झिंककडून. २००२ मध्ये त्या सरकारी कंपनीचे नियंत्रण खासगी हातांत गेले. या साऱ्या काळात नवा साठा शोधणाऱ्यांनी जी सर्वात मोलाची खूण वापरली ती यंत्राची नव्हती. जुने चर, जुनी धातुमळी, जुनी दालने. भिलवाडा जिल्ह्यातल्या रामपुरा-आगुचाचे उदाहरण घ्या. १९७७ मध्ये राज्याच्या खनिज विभागाच्या भूवैज्ञानिकाला तिथे तांबूस-तपकिरी, भाजल्यासारख्या दगडाचा पट्टा दिसला, आणि आजूबाजूला जुन्या कामाचे अवशेष. गंधकाची खनिजे हवा-पाण्याने कुजली की जस्त विरघळून निघून जाते आणि लोखंड गंजून वर टोपीसारखे उरते. ती टोपी वाचता येणे हे शोधकाचे शिक्षण. खाली जगातल्या मोठ्या जस्त-साठ्यांपैकी एक निघाला, साधारण तेरा टक्के जस्ताचा. १९९१ मध्ये खाण सुरू झाली. हजारो वर्षांपूर्वी तिथे चांदी आणि शिशासाठी खोदणाऱ्यांनी जागा दाखवून ठेवली होती. जस्त त्यांच्या उपयोगाचे नव्हते, ते त्यांनी आपल्यासाठी सोडले.

वनस्पतींच्या खुणांवर एक प्रकरण आहे आणि ते मला सर्वांत प्रिय आहे. जावरच्या जस्तयुक्त जमिनीवर तेरडा जोमाने वाढतो आणि जस्ताची सूचना देतो, असे भारतीय भूवैज्ञानिकांनी नोंदवून ठेवले आहे. आपला तेरडा. भाद्रपदात गौरी म्हणून घरात येणारा. इतर झाडांना जो धातू जास्त झाला की विष, तो तेरडा पचवतो, आणि म्हणून दुसरे कुणी नसलेल्या जागी फुलतो. मी दुसऱ्यांदा जावरला गेलो ते पावसाळा संपता संपता, हे पाहायला. उतारावर गुलाबी तेरड्याचा पट्टा होता. कुणी म्हणेल, तेरडा कुठेही येतो. खरे आहे, एकट्या तेरड्यावरून कुणी ड्रिल लावणार नाही. पण मातीचे नमुने, खडकात वीज सोडून तिचा प्रतिसाद मोजणे, शेवटी शेकडो मीटर खोल बोअर करून काढलेली दगडाची कांडी, या साऱ्याच्या आधी कुणीतरी डोंगरावर चालत जाऊन डोळे उघडे ठेवावे लागतात. दगडाच्या त्या कांड्या पेटीत ओळीने मांडलेल्या असतात. त्यांतला मधाच्या रंगाचा चकाकणारा स्फॅलेराइट एकदा पाहिला की विसरत नाही. ग्रीक भाषेत त्या नावाचा अर्थ फसवा. जुने खाणकामगार त्याला शिसे समजत आणि भट्टीतून शिसे निघत नसे.

खाणीची किंमत इथे लपवलेली नाही. जावरच्या जुन्या भट्ट्यांनी भोवतालचे जंगल खाल्ले. आजच्या खाणींतून उरलेला दळलेला गाळ धरणासारख्या बांधामागे साठवावा लागतो, आणि त्या गाळात शिसे असते. डोंगरावर राहणारे बहुतेक लोक आदिवासी आहेत, भिल्ल आणि मीणा. आपल्या सातपुड्यातल्या भिल्लांचे तिकडचे भाऊबंद. जमिनीखालचे कुणाचे, वरचे कुणाचे, हा प्रश्न तिथेही आहे. त्यावर मी तिथल्या लोकांशी बोलून जे समजले ते लिहिले आहे. माझे मत असे की धातू लागतो म्हणून डोंगर फोडायचा, तर डोंगरावरच्या माणसाचा त्यात पहिला वाटा हवा, आणि तो मजुरीपुरता नको.

धातू लागतो हे मात्र खरे. जगातल्या जस्ताचा अर्ध्याहून जास्त भाग लोखंडाला गंजापासून वाचवण्यात जातो. आपल्या घरावरचा पन्हाळी पत्रा, विजेचा मनोरा, रस्त्याकडेचे कठडे, शेताचे तारेचे कुंपण. जस्त स्वतः झिजून आतल्या लोखंडाला राखते. आणि एक उपयोग तर डोळ्यांत पाणी आणणारा आहे. लहान मुलाला जुलाब लागले की ओआरएससोबत जस्ताच्या गोळ्या चौदा दिवस देतात, सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज वीस मिलिग्रॅम, त्याहून लहान असेल तर दहा. सातपुड्याच्या पाड्यावरच्या आशा ताईच्या पेटीत या गोळ्या असतात. एका बाळाचा पूर्ण क्रम म्हणजे पाव ग्रॅमहून थोडे जास्त जस्त. चिमूटभरही नाही. केळीच्या पानावर जे मी पाहिले तेच माणसाच्या शरीरातही घडते. जस्त नसेल तर वाढ खुंटते, जखम भरत नाही, रोगाशी झुंज कमी पडते.

पुस्तकाची मांडणी काळाच्या क्रमाने नाही. मी जसा चालत गेलो तशी आहे. काही ठिकाणी दगडांची नावे जास्त आली असतील. भूगर्भशास्त्र शिकलेल्यांना ती कमी वाटतील. शेतकरी वाचकाने मातीचे प्रकरण आधी वाचले तरी हरकत नाही. तांबट आणि कासार घरांतून ज्यांनी मला मुशी, डाग, कल्हई यांचे शब्द दिले, आणि जावरला ज्यांनी आपल्या घराची भिंत मला तासभर पाहू दिली, त्यांचा मी ऋणी आहे.

त्या भिंतीजवळ उभे राहून मी एका मुशीच्या तोंडात वाकून पाहिले होते. आत राखेच्या गोळ्यांमधून एक सरळ, बोटभर रुंदीचे भोक होते. काडी जळून गेलेली. सहाशे वर्षांपूर्वी कुणीतरी ती स्वतःच्या हाताने खुपसली होती, वाकडी होऊ न देता. पहिले प्रकरण तिथून सुरू होते.

जळगाव, भाद्रपद